मुरमाखालचं पाणी

यंदाही आषाढ लागला आणि आमच्या अंगणाने आपला गुण दाखवला. निवृत्त झाल्यावर वाशीमच्या ज्या वस्तीत मी घर बांधलं, तिथे पूर्वी तूर आणि कापूस उभा असायचा. वावराचे प्लॉट पडले, प्लॉटांवर घरं झाली, पण मातीला हे कोणी कळवलंच नाही. ती अजून वावरासारखीच वागते. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की नातीचा चेंडू एकदा आत गेला तो गेलाच. पावसाळ्यात तीच माती फुगून अशी मिटते की एका सरीचं पाणी चार-चार दिवस तिच्यावर बसून राहतं. फाटकापासून दारापर्यंत अठरा पावलं आहेत. ती चालून दारात पोचेपर्यंत माणूस दोन बोटं उंच होतो, कारण चपलेखाली तेवढा चिखल आलेला असतो.

माझ्या सुनेने, प्रणालीने, मोबाईलवर यावर उपाय शोधला. कृत्रिम गवत. अकोल्याहून एक माणूस बगलेत गुंडाळी मारून आला आणि हिरव्यागार गवताचा हातभर तुकडा त्याने ओट्यावर पसरला. मी त्यावरून हात फिरवला. मऊ होतं, पण वास कसलाच नव्हता. माणूस समजावून सांगू लागला. आधी अंगणातली वीतभर माती काढायची, तिथे गिट्टी आणि मुरूम भरून दाबायचा आणि वरून हे गवत अंथरायचं. गवताच्या पाठीला भोकं असतात. पाणी भोकांतून खाली गेलं की अंगण कोरडं.

माझी माय ओट्यावर खुर्चीत बसून हे ऐकत होती. ऐंशीच्या घरात आहे, पण कान शाबूत आहेत.

"मंग पानी जाईन कुठी?" तिने विचारलं.

"खाली जाईन ना, आजी."

"खाली तं काळी हाय. थे घेईन का त्याले?"

"गिट्टीत राहीन ना. मंग मुरीन हळूहळू."

"म्हंजे गेलं नाई. घरातच राह्यलं. फक्त दिसत नाई."

तो हसला, प्रणालीही हसली. मला हसू आलं नाही. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, कोणी न विचारता सांगणं हा माझा धंदाच होता. तरी त्या माणसाला मी एवढंही सांगू शकले नाही की बाबा रे, ही युक्ती आमच्या घरी त्र्याहत्तर सालीच करून झालेली आहे. फक्त वरचं गवत तेवढं नव्हतं. का सांगितलं नाही, ते माझं मलाच कळत नाही. माय शेजारीच बसली होती, हे एक कारण असेल. त्या सालाचा विषय तिच्यासमोर मी कधी काढत नाही.

आमचं गाव केनवडपासून चालत तासाभराच्या वाटेवर. वस्ती गावाच्या उताराला, नाल्याच्या अंगाला. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले देव गेले, पण जागा होती तीच राहिली. वरच्या आळीचं पाणी आपल्या पायाने चालत आमच्याकडे येई आणि मग जायचं नावच काढत नसे, जावयासारखं बसून राही. अंगणात माय चपटे दगड टाकून ठेवायची. त्या दगडांवरून उड्या मारत आम्ही दार गाठायचो. शेळी बिचारी फुटक्या जात्यावर चारी पाय जवळ घेऊन दिवसभर उभी असायची. सगळ्यांच्या पायांना चिखल्या व्हायच्या. माय बोटांच्या फटीत मेंदी वाटून भरायची आणि आम्ही पाय वर करून पडून राहायचो. शाळेत गेल्यावर माझे लाल पाय बघून एखादी मुलगी विचारायची, कोणाचं लग्न होतं? मी खुशाल सांगायची, मावशीचं.

त्र्याहत्तरच्या आदल्या वर्षी मात्र त्याच अंगणात टिपूस नव्हता. बहात्तरचा दुष्काळ. आमच्या दाराशी पडलेल्या भेगेत मी काडी सोडली होती, ती तळाला लागल्याचं कळलंच नाही. सरकारने दुष्काळी काम काढलं, केनवडच्या बाजूला रस्ता बांधायचं. बाबा आणि माय दोघंही तिथे जायचे. घरात मिलोची, म्हणजे रेशनवर आलेल्या परदेशी ज्वारीची, लाल भाकर आणि कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडं गोड पीठ. पाण्यासाठी मायला भल्या पहाटे उठून जावं लागे. विहिरीच्या तळाला एक बाई उतरायची, वाटीवाटीने पाणी भरायची आणि वरच्या दोघी ते ओढून घ्यायच्या. अर्धा गुंड, म्हणजे अर्धी कळशी पाणी, घेऊन माय घरी आली की आम्ही त्याच्याकडे बघत राहायचो. प्यायला कोणी घाई करत नसे.

मी चौथीत होते. सुट्टीच्या दिवशी दोघांची भाकर घेऊन कामावर जायची. दुपारी बाभळीखाली बायका टेकायच्या. तिथेच एकदा मी चुनखडीचा खडा घेऊन काळ्या दगडावर माझं नाव लिहिलं. मायने विचारलं, हे काय? मी सांगितलं, शांता. ती म्हणाली, माहं लिव्ह. मी लिहिलं, कौसल्या. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "माहं नाव तं लयच अवघड हाय, सोप्पं काही सांग." तिथून आमची शाळा सुरू झाली. मी कडक मास्तरीण होते. माझ्या मास्तरांकडून जे जे खाल्लं होतं ते सगळं मी मायवर काढलं. एकदा तर तिला बाभळीखाली उभं केलं. ती उभी राहिली, बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, तीही हसली.

उन्हाळा संपता संपता तयार झालेल्या रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड रोवले. घरी येताना माय एका दगडाशी थांबली, डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं आणि बोट लावून म्हणाली, "वा. शी. म." मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या वेळचा तिचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. तिथून घरापर्यंत तिला वाटेत वाचण्यासारखं दुसरं काहीच मिळालं नाही, याचं तिला वाईट वाटलं होतं. आणि पुढेही ती कायम तशीच वाचायची, एकेका अक्षरावर थांबत, जणू प्रत्येक अक्षर एक मैलाचा दगड आहे.

बाबांनी त्या वर्षात रस्ता शिकून घेतला. आधी नुसते गिट्टी फोडायचे, मग मुकादमाच्या हाताखाली गेले. रस्त्याची जागा आधी खोदायची, तळाला मोठे दगड, त्यावर गिट्टी, त्यावर मुरूम, मग पाणी मारून दाबायचं. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, हातांनी केलं आणि त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. जेवताना भाकरीवर पिठलं घेतलं तरी ते थर समजावून सांगायचे. बाबा तापट नव्हते, पण एकदा एखादी गोष्ट आपल्याला कळली असं त्यांना वाटलं की दुसरं काही कळून घ्यायला ते तयार नसत. हा गुण माझ्यात उतरलाय असं प्रणालीचं मत आहे.

आमच्या वस्तीत वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, ग्रंथवाचन होई. विहाराची जागा ठरली होती, भिंती उठायच्या होत्या. तोवर वाचन दौलतकाकांकडे, कारण सगळ्या वस्तीत फरशीचं अंगण त्यांचंच, आणि त्यांचा मोठा मुलगा मॅट्रिक झालेला. तो धडाधड वाचायचा. इतका धडाधड की कोणाला काही कळायच्या आत पान उलटायचं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्याच्या शेवटी बैठक बसली. यंदा वाचन कुठे, असा विषय निघाला, म्हणजे निघायचा म्हणून निघाला, उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तर बाबा उठून उभे राहिले.

"या साली ग्रंथ आमच्या आंगनात वाचू," ते म्हणाले, "आन् वाचीन शांताची माय."

माय बायकांत बसली होती. तिने पदर ओढून घेतला. तिला हे आधी सांगितलेलं नव्हतं.

दौलतकाका वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचार करून सांगितलं, "बाई वाचते हे चांगलंच हाय, पुंडलिक. पन आषाढात तुह्या आंगनात म्हशीबी बसत नाईत. लोकाईले कुठी बसवशीन? आंगन वाळलं तं तुह्याकडे वाचू. नाई वाळलं तं माह्याकडे हायच."

घरी येताना माय बाबांच्या चार पावलं मागे चालत होती. मला वाटलं, ती रागावली. पण घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता तिने मला हळूच विचारलं, "जोडाक्षरं किती राह्यले वं आपले?" तेव्हा मला कळलं, की तिला वाचायचं आहे. फार वाचायचं आहे. इतकं, की ती ते बाबांनाही कळू देत नव्हती.

पहिला पाऊस पडून गेला होता, अंगण चिकचिकत होतं आणि पौर्णिमा महिन्यावर आली होती. बाबांनी कुदळ घेतली. रस्ता बांधतात तसंच अंगण बांधायचं. गुडघ्याच्या खालपर्यंत काळी माती खोदून काढली आणि ती घराच्या मागे टाकली. नाल्यातले दगड आणले. शेजारच्या गंगाराम माळ्याची गाडी मागून खदानीतून मुरूम आणला. बदल्यात बाबांनी त्याच्या वांग्यांना चार दिवस माती लावून दिली. मायने आणि मी दगड रचले. आत गिट्टी भरताना आमचे हात आपोआप चालत होते, वर्षभराची सवय होती.

गंगाराम कुंपणाला टेकून बघायचा. भाजीवाला माणूस, मातीशी त्याचं रोजचं बोलणं. एके दिवशी त्याला राहवलं नाही.

"पुंडलिकभाऊ, काळीत खड्डा केला तं थो रांजन होते. सगळीकडचं पानी त्यातच येईन. त्यापरीस वरून भर टाक. वाफा उंच करतो ना मी, तसं."

"तू वांगे लाव बाप्पा," बाबा म्हणाले. "रस्ता म्या बांधला, का तू?"

"रस्त्याले बाजूनं नाली असते ना पन."

या नालीवरून मात्र घरात दोन दिवस धुमश्चक्री झाली. बाबांना गंगारामचं म्हणणं अर्धं पटलं. खड्ड्यापासून गल्लीपर्यंत चर काढावा, पाणी नाल्यात सोडून द्यावं, असं ते म्हणाले. आणि माय आडवी आली. तिने असा आवाज कधी लावलेला मी ऐकला नव्हता.

"पानी बाहीर सोडाचं नाई," ती म्हणाली. "गेल्या साली या पान्यासाठी मी कुठी कुठी फिरली, तुमाले ठाव हाय ना? थे आलं आता घरी, तं हाकलून देता काय त्याले? मुरू द्या खाली. हिरीले लागीन."

बाबा कुदळीवर हात ठेवून उभे राहिले. ज्या बाईने वाटीवाटीने पाणी आणलं, तिच्या दारातून पाणी वाहून घालवायला तोंड कोणाचं होतं? त्या पावसाळ्यात लोक पन्हाळाखाली भांडं ठेवायला विसरले तर हळहळायचे. भांडी धुतलेलं पाणी माय कडुलिंबाच्या बुडाशी नेऊन ओतायची, आणि तो कडुलिंब तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा होता. चर निघालाच नाही. अंगणाला सगळीकडून काठ राहिला, बाहेर जायला वाट नाही. चूक बाबांची की मायची, की मागच्या सालाची, हे मी कितीदा मांडून पाहिलं. माझा काही निर्णय होत नाही.

धुम्मस मारून बाबांनी मुरूम दाबला. लालसर, सपाट, तळहातासारखं अंगण झालं. दोन मोठे पाऊस पडले आणि चमत्कार झाला. वर पाणी राहीना. पडलं की आत. बाबा दाराच्या चौकटीत उभे राहून पाऊस बघायचे आणि मायला हाका मारायचे, ये, पाह्य, कुठी गेलं पानी? दौलतकाका येऊन दोनदा पाय आपटून गेले. म्हणाले, वाळलं बाप्पा, मानलं. लोक मुद्दाम आमच्या अंगणातून ये-जा करू लागले. शेळी जात्यावरून खाली उतरली. आणि माय रोज चुलीसमोर ग्रंथाचं पहिलं पान वाचायची. एकाच पानाची पंचवीस-तीसदा उजळणी झाली. पहिल्यांदा ते पान वाचायला तिला सगळ्या भाकरी भाजून होईपर्यंतचा वेळ लागायचा. पौर्णिमा आली तेव्हा तीन भाकरींत ती शेवटी पोचत होती.

पौर्णिमेला कोणी वावरात गेलं नाही. दुपारी चारची वेळ, आभाळ भरून आलेलं पण थांबलेलं. बायका पांढरी लुगडी नेसून आल्या. अंगणात पोती अंथरली होती. मायला बाजेवर बसवलं, समोर चौरंगावर ग्रंथ, पाय वर, बाजेच्या गातावर, म्हणजे कडेच्या दांडीवर. मी सगळ्यांच्या पुढे, तिच्या अगदी समोर. त्रिशरण, पंचशील झालं. मेणबत्ती लावली. माय आधी नुसती पानाकडे बघत राहिली. मग तिने ओळीवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली.

त्यानंतर काय झालं ते मी किती वेळा आठवलं असेल. तीस-चाळीस माणसं मुरमावर बसली होती. मुरमाखाली महिन्याभराचं पाणी कोंडून होतं, जायला जागा नव्हती. वरून भार पडला तसं ते वर आलं. आधी पोतं गार लागलं. मग ओलं लागलं. शेजारच्या काकूंनी बूड हलवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागल्या. मागे कोणीतरी उकिडवं झालं. मग कुजबूज, मग पोत्यांची सळसळ. तरी एकानेही तोंडातून पाणी हा शब्द काढला नाही. ज्याच्या दारात बसलो त्याचं अंगण नासलं हे त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? मग कोणाला म्हैस सोडायची आठवण झाली. कोणाला पोर रडत असल्याचं ऐकू आलं. बायका एक हात मागे धरून, लुगड्याचा लाल डाग झाकत एकेक उठल्या. बाबा दारात उभे होते. त्यांना सगळं दिसत होतं आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मी त्यांच्याकडे पुन्हा बघू शकले नाही.

मी खाली बघितलं. पोत्याच्या कडेला माझे पाय होते आणि मुरमातून पाणी वर येऊन माझ्या बोटांमध्ये भरत होतं. लालसर, पातळ, बारीक बुडबुडे सोडत. एक मुंगळा गिट्टीच्या दाण्यावर चढला, दाणा बुडाला, तो दुसऱ्यावर चढला. मी त्याच्याकडे बघत होते. आता कुठे जाईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

मायचा आवाज थांबला. मी मान वर केली तेव्हा तिने ग्रंथ मिटला होता. "आज इतकंच," ती म्हणाली आणि उठून आत गेली. वाचन संपल्यावर म्हणतात तसं कोणीतरी 'साधू' म्हटलं. पाच मिनिटांत आभाळ फुटलं आणि असा पाऊस लागला की पोती, बाज, सगळंच भिजलं. कोण आधी भिजलं आणि कोण नंतर, हे विचारण्यात काही अर्थ उरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाचन दौलतकाकांच्या फरशीवर गेलं. त्यांनी माणूस पाठवून मायला वाचायला बोलावलं होतं, हे मला चांगलं आठवतं. माय म्हणाली, माहं डोकं दुखते. मग रोजच काही ना काही दुखायचं. पुढे बाबांनी गंगारामचं ऐकलं, घरामागची सगळी काळी माती आणि आणखी दोन गाड्या मुरूम आणून अंगण उंच केलं, उतार दिला, नालीही काढली. मायने नालीला हरकत घेतली नाही. अंगण कोरडं झालं, पण त्यात कधी ग्रंथ वाचला गेला नाही. माय वाचते, अजूनही वाचते. पेपर वाचते, दुकानांच्या पाट्या वाचते, औषधाच्या बाटल्या वाचते. पण ओठ मिटून. मोठ्याने वाचायची वेळ आली की म्हणते, तूच वाच. माझ्या नेमणुकीचं पत्र आलं तेव्हाही तिने ते हातात धरलं, बघितलं आणि माझ्याकडे दिलं.

इतकी वर्षं मी असं धरून चालले होते की माय बाबांवर रागावली. अंगणाने दगा दिला म्हणून ती वाचता वाचता उठली आणि मग हट्टाला पेटली. बाबांनाही तसंच वाटत असावं, कारण ते जाईपर्यंत या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. पाणी सगळ्यांनीच पाहिलं होतं. मग त्यात सांगायचं काय?

अकोल्याच्या माणसाने गवत अंथरून दिलं. आठ दिवस छान दिसलं. प्रणालीने फोटो काढले, नात लोळली, गल्लीतल्या बायका येऊन पाय पुसून गवतावर चढल्या. मग झड लागली. तीन दिवस संततधार. चौथ्या दिवशी उघडीप झाली आणि सकाळी दूध घ्यायला मी फाटकाकडे निघाले. गवत वरून कोरडं, हिरवं. मधोमध आले आणि पाय दबला. हिरव्या पात्यांतून पाणी वर आलं आणि माझ्या बोटांमध्ये भरलं. मी तिथेच उभी राहिले.

"काय पाह्यते वं खाली?" माय ओट्यावरून म्हणाली.

"पानी वर येऊन राह्यलं, माय. बाबानं केलं होतं त्या आंगनात आलं होतं, तसंच."

"कवा?"

"तू ग्रंथ वाचला त्या दिवशी."

"त्या दिवशी तं पानी मागून आलं. म्या ग्रंथ मिटल्यावर."

"ते पावसाचं. त्याच्या आधीच खालून आलं होतं. तू वाचत होती तवाच. म्हणून तं लोक उठले. सगळ्यांचे कपडे भिजले होते."

माय माझ्याकडे बघत राहिली. मी दुधाचं पातेलं हातात घेऊन परत ओट्याशी आले. तिला माहीत नव्हतं. बावन्न वर्षं ही बाई माझ्या घरात, माझ्या शेजारी होती आणि तिला माहीत नव्हतं. ती बाजेवर होती, तिचे पाय कोरडे होते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

"लोकं उठून राह्यले थे मले ऐकू येत व्हतं," ती म्हणाली. "म्या वर पाह्यलंच नाई. वर पाह्यलं तं ओळ हरपली असती. लोकं सगळे गेले असते तरी म्या पान संपवलं असतं. फक्त एकडाव पाह्यलं. तुह्याकडे. तू मान खाली घालून बसली व्हती."

मी पातेलं ओट्यावर ठेवलं.

"तू माही मास्तरीन," माय म्हणाली. "म्या म्हटलं, लयच चुकून राह्यलं आपलं. पोरीले लाज वाटून राह्यली."

"मी पानी पाहत होती, माय. नुसतं पानी."

तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला. समोरच्या गवताकडे बघितलं. रस्त्यावरून एक रिक्षा शिंतोडे उडवत गेली.

"म्हंजे म्या बरोबर वाचून राह्यली व्हती?"

त्या दुपारचं मला सगळं आठवतं. पोत्याचा गारवा, काकूंचा मागे धरलेला हात, दाण्यावरून दाण्यावर चढणारा मुंगळा, पाण्याचा रंग. मायने काय वाचलं, कसं वाचलं, कुठे अडखळली, यातला एक शब्दही आठवत नाही. मी तिच्या अगदी समोर बसले होते आणि मी ऐकतच नव्हते. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी न वाचता एकाही पेपरवर मार्क दिले नाहीत.

"एकबी अक्षर चुकलं नाई तुहं," मी म्हटलं.